क्लचमधली लाली

हॉटन, मिशिगन
११ जानेवारी २०२६

ती. दादास,
देवयानीचा सा. न. वि. वि.

दिवाळीनंतर तुला एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल आधी माफ कर. फोनवर आपण भांडतो आणि भांडणात मुद्दा राहून जातो, म्हणून पत्रं लिहायची असं ठरलं होतं. ते मीच मोडलं. सवड नव्हती असं लिहिणार होते, पण डायरी तर मी रोज लिहीत होते. खरं कारण वेगळं आहे. मनात एक संशय आहे आणि तो कागदावर उतरला की पक्का होईल अशी भीती वाटत होती. आता लिहितेच. एकच अट, हे पत्र अप्पांना वाचून दाखवू नकोस. उगाच काळजी करत बसतील.

तुला माहीत आहे, आमच्या घरापासून डांबरी रस्त्यापर्यंतचा दीड मैल हिवाळ्यात कोणी साफ करत नाही. गाडी रस्त्यालगत शेजारच्या रेनोच्या अंगणात ठेवायची आणि तिथून घरापर्यंत बर्फावरून धावणारी स्नोमोबील. कामासाठी बर्फ मोजायला जंगलात जाते तीही त्याच यंत्रावर. यंदा डिसेंबरातच तिचा रबरी पट्टा तुटला. नवा घातला, तो गेल्या आठवड्यात जळला. सोबत आणखी एक होता म्हणून घरी पोचले. पण खरी गोष्ट त्यानंतरची. परवा जंगलात इंजिन चालू ठेवून, पाठमोरी बसून मी बर्फात खड्डा खणत होते. टाचेला काहीतरी लागलं म्हणून वळले, तर यंत्र आपणहून सरकत माझ्यापर्यंत आलं होतं. पुढची स्कीची पट्टी माझ्या बुटाला टेकली होती. तुझ्या मेहुण्याला, शंतनूला, मी एवढंच सांगितलं की यंत्र जरा ओढतंय. तुला पूर्ण सांगतेय.

मेकॅनिक म्हणाला, क्लच झिजलाय. या यंत्रात गिअर नसतात. दोन पुल्या आणि मध्ये पट्टा. पुढची पुली म्हणजेच क्लच; इंजिन जोरात फिरलं की तिचे दोन गाल जवळ येऊन पट्टा पकडतात, मंदावलं की सोडतात. आमचे गाल सोडतच नाहीत. दुरुस्त करायचा की नवा बसवायचा, ते तुम्ही ठरवा म्हणतो. वर त्याने सहज विचारलं की याला आणखी कोण हात लावतं.

तिथेच माझं मन अडकलं. यंत्र ठेवायच्या शेडची किल्ली आमच्याशिवाय फक्त रेनोकडे आहे. निवृत्त बँडशिक्षक, सत्तरीचा, एकटा. त्याचं लाकूड फोडायचं यंत्र आमच्या शेडमध्ये असतं, हिवाळ्यात बाहेरच्या स्टँडवर. अप्पा उन्हाळ्यापासून दसऱ्यापर्यंत इथे असताना दोघं तासन् तास तिथेच बसायचे. अप्पा त्याला राणोबा म्हणायचे आणि तो अप्पांना फोरमन. मला तो माणूस आवडतो, हे आधी नोंदवते. पण क्लचच्या झाकणाची पिन मी नेहमी समोरून घालते, ती डिसेंबरात पट्टा बदलताना मागून घातलेली सापडली. तुळईमागे एक चिंधी कोंबलेली होती, काळी आणि कुठे कुठे लालसर, रॉकेलसारख्या वासाची. आणि नोव्हेंबरात, पहिल्या बर्फालाच, कोणी न विचारता रेनो मला म्हणाला होता की जास्तीचा पट्टा जवळ ठेव आणि क्लच एकदा दाखवून घे. त्याला कसं ठाऊक? मला वाटतं तो माझ्यामागे आमच्या यंत्रावर लाकडं ओढतो. ओझ्याने क्लच जातात, असं मेकॅनिकही म्हणाला.

मी चुकत असले तर सांग. राधिकावहिनीला नमस्कार, अदितीला लाड. थंडीत माणसाची माया आखडते म्हणतात. तुझी तशीच राहू दे.

तुझी,
देवयानी


वेस्ट विंडसर, न्यू जर्सी
१८ जानेवारी २०२६

चि. देवयानीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी घाम फुटला, मग राग आला. बुटाला टेकलेलं यंत्र ही शंतनूपासून लपवायची गोष्ट आहे का? पीएचडी झालीस, अक्कल मात्र अजून पोस्टात आहे.

तुझा संशय मला मुळीच अवाजवी वाटत नाही. इतकी वर्षं इथे काढून मी एक शिकलो, गोड बोलणारा आणि न विचारता मदत करणारा माणूस आधी तपासावा. एडिसनला आमचा एक मेकॅनिक होता, मला भाईसाहेब म्हणायचा, दर वेळी चहा पाजायचा. चहा पाजून पाजून त्याने माझ्या चांगल्या गाडीचे ब्रेक दोनदा बदलले. तुझा रेनो चहा पाजत नसेल, कॉफी पाजत असेल. पिन उलटी, चिंधी लपवलेली, वर आधीच सावध करून ठेवलेलं. आणखी काय पुरावा हवा?

माझं ऐक. क्लच नवाच घे. कोणाचा हात लागलाय ते माहीत नसलेली वस्तू दुरुस्त करून त्यावर जीव टांगू नये. आणि किल्ली परत माग. भांडू नकोस, काहीतरी निमित्त काढ. अदितीने हे ऐकलं आणि इंग्रजीत मला सुनावलं की ज्या माणसाला कधी भेटला नाहीस त्याला तू चोर ठरवतोयस. कॉलेजात गेल्यापासून घरात एक जज्ज बसलाय.

अप्पांना काही बोललो नाही. पाकिटावरचं तुझं अक्षर त्यांनी ओळखलं, म्हणून मी सगळं क्षेम आहे आणि बर्फ भरपूर आहे एवढंच वाचल्यासारखं केलं. राणोबा कसा आहे, त्यांनी विचारलं. मग यंत्र नीट चालतं ना, तेही विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं की चालणारच. खंडेनवमीला त्याची पूजा त्यांनी आतून केलीय, आमच्यासारखं बॉनेटला फूल चिकटवून नाही. मी मान डोलावली आणि विषय बदलला. त्यांची तब्येत छान आहे; सकाळी अंगणातलं बर्फ झाडतात आणि आम्ही आळशी आहोत हे शेजाऱ्यांना दाखवून देतात.

तिळगूळ पाठवलाय. तोंड गोड कर, पण शेजाऱ्याशी बोलताना जरा जपून. बाकी लोभ आहे म्हणूनच रागावतो.

तुझा,
दादा


हॉटन
२५ जानेवारी २०२६

ती. दादास,
सा. न. वि. वि.

किल्ली घेतली. कशी घेतली ते लिहिते, कारण तेव्हापासून मला स्वस्थता नाही.

गाडी काढायला गेले होते. रेनो दारात पायऱ्यांवर मीठ टाकत होता. मी म्हटलं, शंतनूची किल्ली हरवलीय, कॉपी करून घेते, तुमची जरा द्याल का? हरवलेली नव्हती. त्याने कसली कॉपी, कधी, काही विचारलं नाही. हातमोजे काढून जुडग्यातून किल्ली सोडवू लागला. बोटं थंडीने वळत नव्हती; मी मदत करू का म्हटलं तर नको म्हणाला. किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि फोरमन कसा आहे एवढंच विचारलं. दुसऱ्या दिवशी घरी आले तर शेडबाहेरच्या स्टँडवर ठेवलेलं त्याचं लाकूड फोडायचं यंत्र नव्हतं. तो स्वतः येऊन घसरगाडीवर घालून ओढत घेऊन गेला होता; बर्फात खुणा होत्या.

माझ्या मनाने याचे दोन्हीकडून अर्थ लावले. तो अपराधी आहे, म्हणून मुकाट्याने किल्ली दिली. किंवा त्याला माझं खोटं कळलं, म्हणून मुकाट्याने किल्ली दिली. गंमत बघ, दोन्हीत तो वागला सारखाच. माझ्या गाडीभोवतीचा बर्फ तो अजूनही रोज काढतो. आधी मी हात हलवून थँक्यू म्हणायचे. आता खिडकीकडे बघत नाही, आणि हा बर्फ काढणं म्हणजे लाच आहे का असंही मनात येतं. रेनोच्या जागी कोणी कुलकर्णी असता तर मी किल्ली मागण्याआधी घरी बोलावून विचारलं असतं का? डायरीत उत्तर लिहिलं नाही. इथेही लिहीत नाही.

क्लचचं तू म्हणालास तसंच केलं, नवा मागवायला सांगितला. यायला वेळ लागेल. तोवर शंतनू आणि मी बर्फात न रुतणारे स्नोशूज घालून चालत जातो. शंतनू म्हणतो, लग्नानंतर आपण इतकं एकत्र कधी चाललो नव्हतो. रेनोच्या घरासमोर आलो की मात्र दोघंही भरभर पाय उचलतो.

अप्पांना सांग, पूजेबद्दल नमस्कार. यंत्र बिघडलंय हे मात्र अजून नको.

तिळगूळ पोचला. तुटला होता, गोड तेवढाच लागला. तुझ्या मायेचंही तसंच असावं.

देवयानी


हॉटन
३ फेब्रुवारी २०२६

ती. दादास,
सा. न.

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितेय.

काल मेकॅनिकने दुकानात बोलावलं. नवा क्लच बसवण्याआधी शाफ्ट वाकलाय का बघायला त्याने जुना काढला होता, आणि काढलाच आहे तर उघडून बघू म्हणून उघडला. गाल चांगले आहेत, चर पडलेले नाहीत. बुशिंग, म्हणजे दांड्याभोवतीच्या कड्या, वयाप्रमाणे झिजल्यात. पण आत डिंकासारखा काळा लगदा भरला होता. तो म्हणाला, हे तेल आहे. पट्ट्याची रबराची भुकटी तेलाला चिकटत गेली, थंडीत घट्ट झाली आणि गाल अडकले. हा भाग कोरडाच ठेवायचा असतो, आमच्याकडे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. तेल कोणी आणि कशाला ओतलं? मग स्प्रिंगच्या खोबणीत लाली दिसत होती ती दाखवून तो म्हणाला, हा गंज.

दादा, तो भाग ॲल्युमिनियमचा आहे. ॲल्युमिनियम लाल गंजत नाही. मी बोट फिरवलं. तेलात कालवलेला तो रंग तुला आणि मला दाखवायला मेकॅनिक लागत नाही. देव्हाऱ्यातल्या तबकाच्या कडेला तो आपण लहानपणापासून बघतोय.

घरी येऊन चिंधी काढून उजेडात धरली. तीच लाली, आणि वास तेल काढायच्या औषधाचा. म्हणजे चिंधी घेऊन कोणीतरी आत गेलं होतं ते बिघडवायला नव्हे, पुसायला. पिन उलटी बसली ती तेव्हाच. तुझ्या जानेवारीच्या पत्रातली आतून केलेली पूजा मी काल पुन्हा वाचली. आधी तिच्यावरून मी सरळ पुढे गेले होते. कोणाकोणाचा हात लागला याचा हिशेब करताना आपल्या घरातला हात मी धरलाच नव्हता.

अप्पांना विचार. हळू विचार. चिडू नकोस, आणि ते चिडले तर चिडू दे. नवा क्लच अजून निघालेला नाही, रद्द करता येईल. काय करायचं ते त्यांच्याकडून कळल्यावर ठरवेन.

देवयानी


श्री

वेस्ट विंडसर
१० फेब्रुवारी २०२६

चि. सौ. देवयानीस,
अप्पांचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

सत्यजितने तुझी तिन्ही पत्रे माझ्यापुढे ठेवली. मी सगळी वाचली. आधी माझे सांगतो, मग तुम्हां दोघांचे.

खंडेनवमीला तू मिनियापोलिसला परिषदेला गेली होतीस आणि जावईबापू ऑफिसात. मी शेडमध्ये करवत, बर्फ उडवायचे यंत्र आणि तुझी स्नोमोबील पुसून मांडली. राणोबा आला, त्याने झाकण उघडून धरले. फूल वाहिले, अक्षता टाकल्या. तेलाचा डबा उचलला तसा त्याने पुलीवर आडवा हात धरला. नो, नो, ड्राय, म्हणाला. मला वाटले त्याला सांडलवंडीची भीती वाटते, नाहीतर त्यांच्या धर्मात तेलाचे काही चालत नसेल. मी वर बोट दाखवून गॉड, प्रेयर म्हटले. त्याने टोपी काढली आणि गप्प उभा राहिला. तेल मी तेव्हा घातले नाही. तो गेल्यावर घातले, कुंकू कालवून, भरपूर. साखर कारखान्यात चाळीस वर्षे मी हेच केले. तिथे कोरडे यंत्र म्हणजे ओरडणारे यंत्र. ते इथेही तसेच असेल असे धरून चाललो. त्याने स्पष्ट सांगितले होते, मी ऐकले नाही. तू हसशील म्हणून तुला बोललो नाही. ते यंत्र तुझ्या पायापर्यंत आले, हे वाचल्यापासून जेवण नीट जात नाही.

राणोबाने नंतर झाकण उघडले असेल तेव्हा त्याला लाल दिसले असणार. तो तुला का बोलला नाही ते मला कळते. माझ्या वर्कशॉपात हाताखालच्या माणसाची चूक झाली तर मीही साहेबासमोर त्याचे नाव घेत नसे. संध्याकाळी थांबून दोघे मिळून निस्तरायचो. त्याला मी निस्तरायला भेटलो नाही, म्हणून एकट्याने चिंधी घेऊन बसला. आणि शिवाय ती पूजा होती. दुसऱ्याच्या पूजेला तो चूक कसा म्हणणार?

आता तुमचे. म्हाताऱ्याला काळजी नको म्हणून तुम्ही भावंडांनी महिनाभर माझ्यापासून लपवले. पहिलेच पत्र मला वाचून दाखवले असते तर त्या दिवशीच सगळे उघड झाले असते आणि एका भल्या माणसाला किल्ली काढून द्यावी लागली नसती. सत्यजितला बोललो आहेच. तो दोन दिवस माझ्या वाटेला येत नाही. अदिती मात्र त्याला बघून हसते.

क्लच टाकू नकोस. गाल शाबूत आहेत तर धुवून, बुशिंग बदलून वापर. मात्र कशाने धुवायचा ते मेकॅनिकला विचार, मला नको.

राणोबाला मी फोन करणार होतो. हात थांबला. आधी तू जाऊन ये, ते तुझे आहे. माझे मी नंतर बोलेन.

जपून राहा. आशीर्वाद तर आहेतच, त्यात तेल नाही.

अप्पा


हॉटन
१६ फेब्रुवारी २०२६

ती. अप्पांस,
देवयानीचे शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र शंतनूला मोठ्याने वाचून दाखवलं. शेवटच्या ओळीला आम्ही हसलो. तुम्ही जेवा. मला काही झालेलं नाही. ब्रेक लावून ठेवायला मीही विसरले होते.

नवा क्लच रद्द केला. मेकॅनिकने जुना धुतला, बुशिंग आणि स्प्रिंग नवी घातली. शनिवारी यंत्र घरी आणलं. शेडसमोर इंजिन चालू ठेवून मी बाजूला उभी राहिले आणि कितीतरी वेळ बघत होते. जागचं हललं नाही. मेकॅनिकला तेल कोणी घातलं ते सांगितलं. वाटलं होतं हसेल. त्याने विचारलं की यंत्रांचा असा एक दिवस खरंच असतो का, आणि मग म्हणाला, आमच्याकडेही हवा होता. पण कोरडा.

रेनोकडे अजून गेले नाही. शनिवारी उशीर झाला होता, काल त्याच्या अंगणात पाहुण्यांची गाडी होती, आज बर्फ पडत होता. तिन्ही कारणं खरी आहेत, आणि तिन्ही नसती तरी मी चौथं शोधलं असतं. आज संध्याकाळी घरी येताना त्याच्या खिडकीकडे मुद्दाम बघितलं. तो टेबलाशी काहीतरी वाचत होता. मान वर केली नाही. माझ्या गाडीभोवतीचा बर्फ मात्र काढलेला होता, चाकांच्या मागचासुद्धा.

शंतनू म्हणतो, फार सोपं आहे. कॉपी करायला म्हणून किल्ली घेतली होतीस, झाली कॉपी, आणून दिली. त्याचाही मान राहील, तुझाही. मी खरोखर मोहात पडले, अप्पा. दोन दिवस तेच वाक्य इंग्रजीत घोळवत होते, अगदी सहज वाटेल असं. मग लक्षात आलं की ते खोटं त्याने पहिल्या वेळीच ओळखलं होतं आणि तरी काढून दिली होती. तेच पुन्हा त्याच्यापुढे ठेवायचं, आणि त्याने पुन्हा न कळल्यासारखं करायचं. तुमच्यासाठी तो एकदा गप्प बसला, माझ्यासाठी एकदा. तिसऱ्यांदा त्याच्याकडून ते मागायला मला जमणार नाही.

काय बोलायचं ते ठरलेलं नाही. माझा तुमच्यावर संशय होता, एवढं एक वाक्य आहे. त्याच्यापुढे काही जोडलं की ते बिघडतं. तो किल्ली घेईल की नाही सांगता येत नाही. नाही घेतली तर तीही मला तशीच परत आणावी लागेल, हे मनाशी धरून जाते आहे. चिंधी मी धुतलेली नाही. ती खिशात घेऊन जाईन. मला सगळं कळलं आहे हे सांगायला शब्द कमी लागतील.

तुमच्या पूजेबद्दलही त्याच्याशी बोलेन. पुढच्या खंडेनवमीला त्याने आडवा हात धरला तर तुम्ही डबा खाली ठेवायचा, असं तुमच्या वतीने कबूल करून टाकू का? उत्तर लिहा. आणि दादाशी बोला आता. तो मला फोन करून तुमची तक्रार सांगतो आणि आम्ही भांडतो.

आपला लोभ आहेच, तो असाच राहावा.

आपली,
देवयानी

(डायरी, १६ फेब्रुवारी, रात्री) उद्या: किल्ली रेनोला नेऊन द्यायची. कॉपीचं काही बोलायचं नाही.